फक्त पाच मिनिटं, एकटीशी

नाही, मला एक सांगा. जिला बाळंत होऊन अजून सहा तास झाले नाहीत, जी शिंक आली तरी टाक्यांच्या भीतीने नाक दाबून बसतेय, जिच्या एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हातात ते लालबुंद गाठोडं, आणि समोर नवरा व्हिडिओ कॉलवर अख्ख्या खानदानाला बाळाचं नाक कुणावर गेलंय ते दाखवतोय… अशा बाईच्या पलंगाशी मी जायचं, छान हसायचं, आणि विचारायचं, "मग? इतक्यात पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय ठरवलंय?" काय ठरवणार हो ती? तिने अजून बाथरूमपर्यंत कसं जायचं ते ठरवलेलं नाही!

पण माझं कामच ते. मी मंजिरी, मूळची डोंबिवलीची, अकरा वर्षं इकडे वेल्समध्ये, कार्डिफला, त्यातली सात वर्षं मिडवाइफ, बाळंतिणींच्या वॉर्डात. बाई घरी जायच्या आधी तिच्याशी हे बोलायचं, तिला काय हवंय ते विचारायचं, कॉम्प्युटरवर खूण करायची. कारण बाळ तीन आठवड्यांचं झालं की पुन्हा दिवस राहू शकतात, आणि हे जगात कुणालाही खरं वाटत नाही. कुणालाही! परवा एक वेल्श बाई, चौथं बाळ, मला म्हणते, "लव्ह, माझा नवरा आजपासून शेडमध्ये झोपणार. हेच माझं कॉन्ट्रासेप्शन. लिही." काय लिहू? कॉम्प्युटरमध्ये गोळी आहे, इंजेक्शन आहे, शेड नाही! त्याच्या आदल्या आठवड्यात आपला एक पुण्याचा इंजिनिअर, बायको बिचारी गाढ झोपलेली, आणि हा वही उघडून, पेनाचं टोपण काढून मला, "सिस्टर, प्रत्येक पद्धतीचा फेल्युअर रेट काय? आणि तुमचा सोर्स कुठला?" अरे बाबा, सोर्स तूच आहेस!

आणि मी काय, मी फक्त विचारायला जाते हो. कुणाला गाडीत घालून आणत नाही, कुणाच्या गळी काही उतरवत नाही. विचारायला जाते! पण तुम्हाला सांगते, या जगात बाईला एकटीला गाठून तिला तिच्याबद्दल एक प्रश्न विचारायचा, याच्याइतकं अवघड काम दुसरं नाही. हवं तर सात वर्षं करून बघा.

आता हे शाल्मलीचंच घ्या. शाल्मली हे तिचं खरं नाव नव्हे, खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल, पण गोष्ट सांगायला तिने स्वतः परवानगी दिलीय. एकोणतीस वर्षांची पोर. ती आणि तिचा नवरा, सुश्रुत म्हणू आपण, दोघं सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. आणि सासूबाई, रेखाकाकू, मिरजेजवळच्या गावाहून दोन्ही बाळंतपणांना आलेल्या. ठेंगण्या, काठाची साडी, त्यावर सुश्रुतचं जुनं फ्लीसचं जॅकेट, पायात जाड मोजे, आणि मांडीवर एक पिशवी. त्या पिशवीत काय काय होतं याची यादी मी अजून पुरी केलेली नाही.

तर ही शाल्मली आमच्याकडे पहिल्यांदा आली तेरा महिन्यांपूर्वी. सिझेरियन झालं, मुलगी झाली, अन्वी. सगळं छान. घरी जायचा दिवस. त्या दिवशी मला सहा जणींना घरी पाठवायचं होतं, दोन मिडवाइफ आजारी, फोन वाजतोय, औषधं यायचीत… मी शाल्मलीच्या पलंगाशी गेले आणि उभ्या उभ्या विचारलं, "फॅमिली प्लॅनिंगचं काय ठरवलंय?" शाल्मलीने तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी पाहिलं. पण उत्तर आलं बाजूच्या खुर्चीतून.

"नको नको नको! तसलं काही करायचं न्हाई आमच्यात. अंगावर पितंय की पोर, काही होत नसतंय."

मी म्हटलं, "काकू, तसं प्रत्येक वेळी नसतं हो…"

"सांगितलं न्हवं, नको!"

शाल्मलीने तोंड मिटलं. आणि मी काय केलं? मी "सल्ला दिला, नकार" अशी खूण केली आणि पुढच्या पलंगाकडे गेले. दोन मिनिटं सुद्धा नाही लागली. मला वाटलं, चला, एक संपलं!

चार महिन्यांनी शाल्मलीला दिवस राहिले. रात्री बाळाला बाटलीचं दूध, पाळी कधी आली कधी नाही, तिला वाटलं दगदगीने असेल. आणि आता, पहिलं बाळ तेरा महिन्यांचं असताना, दुसरं सिझेरियन. मुलगा झाला, वीर. बाळ ठणठणीत. पण आईची वार सुटेना, रक्त थांबेना. दोन लिटर रक्त गेलं हो. दोन लिटर! दुधाच्या लिटरच्या दोन बाटल्या डोळ्यांपुढे आणा. तीन पिशव्या रक्त चढवलं. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. थिएटरच्या दारातून तिची ट्रॉली बाहेर आली, ओठ आणि चादर एका रंगाची… आणि मला काय आठवलं असेल? ती माझी खूण. सल्ला दिला, नकार. कोणाला दिला? नकार कोणी दिला?

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, "निदान दोन वर्षं नाही. परत लगेच असं झालं तर मी कसलीच खात्री देणार नाही. मंजिरी, तू तिची भाषा बोलतेस. तू बोल. एकटीशी." मी म्हटलं, बोलते. यावेळी बोलतेच. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं, एकटीशी. यात काय एवढं?

हां. यात काय एवढं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी गेले. शाल्मली उशीला टेकून बसलेली, वीर पाळण्यात, आणि रेखाकाकू खुर्चीत, खुर्ची पलंगाला अशी भिडवलेली की मधून कागद जाणार नाही. मी म्हटलं, "काकू, जरा पाच मिनिटं बाहेर बसता का? मला शाल्मलीशी बोलायचंय."

"बोल की. मी कुठं तोंड धरलंय तुझं?"

"तसं नाही काकू, इथला नियमच आहे, पेशंटशी एकटीशी…"

"मी काय परकी हाय?"

मी शाल्मलीकडे बघितलं. शाल्मली म्हणाली, "असू दे ताई, आई बसल्या तर चालेल." सासूच्या देखत दुसरं काय म्हणणार ती? "नाही, या बाईंना हाकला" म्हणेल? मी पडदा ओढून घेतला, म्हटलं काकूंना इशारा कळेल. कळला ना! त्यांनी खुर्ची आणखी थोडी आत ओढून घेतली. आता पडद्याच्या आत तिघी!

मी म्हटलं, ठीक आहे, गोडीने घेऊ. "काकू, बाहेर व्हिजिटर्ससाठी चहाची खोली आहे, दमला असाल, जरा चहा घेऊन या." काकूंनी पिशवीत हात घातला, थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. "घे. तूच दमल्यासारखी दिसतीयास." आणि तुम्हाला सांगते, काय चहा होता! गवती चहा घातलेला! मी उभ्याने तो चहा प्यायले आणि बाहेर आले, काही एक न विचारता! माझं मलाच कळेना मी कशाला गेले होते.

मग मी आमच्या वॉर्डच्या सिस्टरकडे गेले, रिआनन तिचं नाव, वेल्श, सहा फूट, तिच्यापुढे सर्जनही आवाज खाली घेतात. म्हटलं, रिआनन, त्या बाईंना जरा बाहेर काढ ना. रिआनन म्हणाली, "करते, नाऊ इन अ मिनिट." आता इथे ज्यांनी दिवस काढलेत त्यांना माहीत आहे, वेल्श माणसाचं 'नाऊ इन अ मिनिट' म्हणजे आज, उद्या, किंवा ख्रिसमसच्या आधी केव्हातरी. आणि हे बोलताना ती काय खात होती? डिंकाचा लाडू! काकूंनी तिला सकाळीच फितवलेली! "मंजी, धिस लेडी इज अमेझिंग," म्हणते, आणि मला वर विचारते, "यात काय घालतात?" मी काय सांगू? सिक्युरिटीला बोलावू? कशासाठी? डिंकाच्या लाडवांसाठी?

मग सुश्रुत आला. कानात ते पांढरं यंत्र, एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या काखेत अन्वी. म्हटलं, हा आपला माणूस. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "सुश्रुत, मला शाल्मलीशी एकटीशी बोलायचंय, आईंना जरा खाली दुकानात घेऊन जा, नॅपी आणायच्यात म्हण, काहीही म्हण." तो म्हणाला, "शुअर ताई, नो प्रॉब्लेम." आत गेला. मी बाहेर कान देऊन उभी. आतून आवाज येतोय, "नॅपी का? जा की तू. बारक्या मापाच्या आण. आणि येताना केळी आण. आणि शाल्मलीला मोजे आण. आणि ही अन्वी कुठं नेतोस दुकानात, दे इकडं." आणि सुश्रुत एकटा बाहेर आला! हातात यादी! माझ्याकडे न बघता लिफ्टकडे! माणूस तासभराने परत आला तो सहा नंबरच्या नॅपी घेऊन. सहा नंबर म्हणजे पँट घालून शाळेत जाणारं मूल! वीर तर कालच जन्मलेला!

पण अन्वी आत राहिली ना, मला तेवढाच आधार. तेरा महिन्यांची पोर, पलंगाखाली शिरतेय, सलाइनची नळी ओढतेय. मी म्हटलं, "काकू, हिला जरा बाहेर फिरवून आणता का? इथे नळ्याबिळ्या असतात." काकू म्हणाल्या, "बरोबर बोललीस बघ," उठल्या, मला काय आनंद झाला म्हणता, अन्वीला उचललं… आणि माझ्या कडेवर दिलं! "तू न्हे. तुला इथलं सगळं ठाऊक हाय." आणि बसल्या! दोन मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये मी, कडेवर अन्वी, अन्वीच्या तोंडात माझं ओळखपत्र, आणि आत सासूबाई, पलंगाला भिडून. मी फक्त विचारायला गेले होते हो! विचारायला!

दुपारी रिआनन म्हणाली, शाल्मलीला जरा उठवून चालवायचं आहे, बाथरूमपर्यंत. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाथरूम! बाथरूमला दार असतं, दाराला कडी असते! मी शाल्मलीला हाताला धरून, हळू, हळू, एक पाऊल, दुसरं पाऊल, काकू मागे, मी म्हटलं काकू तुम्ही थांबा, आत नेली, स्टुलावर बसवली, कडी लावली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. रक्त गेलेली बाई, पहिल्यांदा उठलेली, तिला मी बाथरूममध्ये कोंडून… पण माझ्या डोक्यात एकच, पाच मिनिटं! बाहेरून दारावर थाप. "टॉवेल न्हाई न्हेला!" मी आतून, "आहे काकू!" आणि सुरू झाले. बगलेतली फाइल काढली आणि असं म्हणत सुटले, लिलावात बोली लावतात तसं, "शाल्मली ऐक, गोळी असते, त्यातली एका प्रकारची आत्ता चालत नाही पण दुसरी चालते, इंजेक्शन असतं तीन महिन्यांनी, तांबी असते, दंडात बसवायची काडी असते, कुणी तुला जबरदस्ती करत नाही, पण तुला काय वाटतं ते फक्त तू…"

"ताई," शाल्मली म्हणाली.

मी म्हटलं, बोल, बोल!

"ताई… डोळ्यांपुढे…"

आणि ती माझ्या अंगावर कोसळली.

मी तिला धरलं, देवाची कृपा म्हणा, डोकं कुठे आपटलं नाही. एका हाताने तिला आणि दुसऱ्या हाताने ती लाल दोरी ओढली. ती ओढली की वॉर्डभर भोंगा होतो आणि सगळे धावतात. सगळे धावले! रिआनन, दोन डॉक्टर, ट्रॉली, चहावाली मावशी, आणि सगळ्यांच्या पुढे, मोज्यांवर घसरत, रेखाकाकू. फाइल ओल्या फरशीवर, कागद इकडेतिकडे. रिआनन ओरडली, "मंजी! व्हॉट ऑन अर्थ?" आणि मी, गुडघ्यांवर, मांडीवर शाल्मलीचं डोकं, रडकुंडीला आलेली, ओरडले, "आय वॉज ओन्ली आस्किंग!"

पलंगावर घेतल्यावर दहा मिनिटांत तिचं ब्लड प्रेशर जागेवर आलं. नुसती भोवळ होती. पण डॉक्टर म्हणाल्या, आजची रात्र इथेच. रिआननने मला कोपऱ्यात घेऊन जे काय सुनावलं ते मी इथे सांगत नाही, त्यातलं निम्मं वेल्शमध्ये होतं, पण कळलं सगळं. आणि ते बरोबरच होतं हो. तेरा महिन्यांपूर्वी मी घाई केली म्हणून हे झालं, आणि आता ते दुरुस्त करायला मी पुन्हा घाईच केली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटत होतं.

मी पडद्याच्या आत गेले. शाल्मली डोळे मिटून पडलेली. काकू खुर्चीत. त्यांच्या हातात माझ्या फाइलमधला एक ओला कागद. त्यांनी तो मांडीवर पसरून हाताने नीट केला होता. मला वाटलं आता मला ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हितं खाली रेघ हाय. ती सहीची न्हवं?"

मी म्हटलं, "हो."

"मग कोंडून घालून तिची सही घेत होतीस तू?"

"नाही हो काकू! विचारत होते…"

"आमच्या येळंला पण असंच केलं." काकूंनी पदर सारखा केला. "सुश्रुत आठ दिसांचा. थोरला दोन वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, चल, तुला टोचून आणायचंय. मला वाटलं धनुर्वाताचं इंजेक्शन. शाळेत न्हेलं. शाळेच्या बाकड्यांवर बायका झोपवल्या होत्या ओळीनं. एका बाईनं कागद धरला, म्हणाली, हितं सही कर. केली. मला वाचता येतंय गं, सातवी पास हाय मी. पण वाचायला कुणी दिलंय? घरी आल्यावर पोटाला टाके. सासूबाई म्हणाल्या, झालं तुझं फॅमिली प्लॅनिंग. चोवीस वर्षांची होते मी."

तुम्हाला सांगते, मला आत्ता कळत होतं हो! फॅमिली प्लॅनिंग! आपल्याकडे गावात "तिचं फॅमिली प्लॅनिंग झालं" म्हणजे काय? ऑपरेशन! तेरा महिन्यांपूर्वी मी ऐटीत येऊन जे विचारलं, "फॅमिली प्लॅनिंगचं काय ठरवलंय?", ते काकूंना काय ऐकू आलं असेल? हिचं ऑपरेशन करून टाकायचं का? मग नको नको नको म्हणणार नाहीत तर काय करतील? आणि मी, मोठी मराठी बोलणारी मिडवाइफ, मला तो शब्द कुणाला कसा ऐकू येतो हे सुचू नये?

"मला मुलगी पाहिजे होती," काकू म्हणाल्या. "एवढंच. दोघांवर एक मुलगी. कुणी इचारलंच न्हाई मला. म्हणून मी ठरवलंय, हिच्या पलंगाजवळनं उठायचं न्हाई. तुम्ही लोक गोड बोलताय, कागद आणताय. पोर गुंगीत हाय. मी उठले आणि तुम्ही सही घेतली तर?"

म्हणजे बघा! मी सकाळपासून यांना हलवायला बघतेय, थर्मास काय, नॅपी काय, अन्वी काय, आणि ह्या बसल्यात पहाऱ्याला! माझ्यापासून! पोरीला माझ्यापासून वाचवायला! आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी दिवसभर एकमेकींशी झुंजत होतो!

मी खाली बसले, फरशीवरच. म्हटलं, "काकू, हे ऑपरेशन नव्हे. ही काडी असते, काडेपेटीतल्या काडीएवढी. दंडात कातडीखाली बसवतात. तीन वर्षं. आणि हवी तेव्हा काढता येते."

"काढता येते?"

"कधीही. तिने म्हटलं की."

"मग परत पोर होतंय?"

"होतं की."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तर नाही. विषय संपला."

"सुश्रुतची सही?"

"नाही लागत. कुणाचीच नाही लागत. तिचीच."

काकूंनी तो ओला कागद पुन्हा एकदा हाताने नीट केला. आणि तेवढ्यात पांघरुणातून एक हात बाहेर आला आणि त्याने काकूंच्या साडीचा काठ धरला. शाल्मली झोपलेली नव्हती! सगळं ऐकत होती! चार वर्षं सून आहे त्या घरात, आणि ही गोष्ट तिने पहिल्यांदा ऐकली. "आई," ती म्हणाली, बस्स. काकूंनी तिच्या हातावर दोनदा थोपटलं, डोळे फ्लीसच्या बाहीला पुसले, आणि उठल्या. उठल्या हो! स्वतःहून! थर्मास घेतला, पिशवी घेतली, पडद्याबाहेर गेल्या, आणि बाहेरून म्हणाल्या, "इचार तिला. सावकाश इचार. मी हितं हाय. कुणाला आत सोडत न्हाई."

आणि नाही सोडलं! ब्लड प्रेशर बघायला नर्स आली, नाही सोडलं. जेवणाची ट्रॉली आली, परत पाठवली. डॉक्टरीणबाई आल्या, आतून मला ऐकू येतंय, "नो. टॉकिंग. वेट." सुश्रुत आला योग्य मापाच्या नॅपी घेऊन, "आई, मी नवरा आहे तिचा," तर "मग काय झालं? हो बाजूला." रिआननसुद्धा, सहा फूट रिआनन, पडद्यापाशी आली आणि मुकाट्याने उभी राहिली!

आत मी आणि शाल्मली. एकट्या. शेवटी!  पाच मिनिटांचं सगळं भाषण पाठ, पण मी ते बाजूला ठेवलं. मग शाल्मलीच म्हणाली, "ताई, गेल्या वेळी मला हवं होतं. मी सांगणार होते. पण तुम्ही खूण करून निघून गेलात."

"हो," मी म्हटलं. "गेले. चुकलं माझं, शाल्मली."

"मला वाटलं, आई नको म्हणाल्या म्हणजे झालं. आणि आईंना वाटलं, त्यांनी मला वाचवलं." ती हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली. "मी काल ऑपरेशनच्या टेबलावर होते ना, तेव्हा वरचे दिवे मोजत होते. सात होते. सातपर्यंत मोजायचं आणि परत एकपासून. म्हटलं, मोजणं थांबलं तर अन्वीला माझी ओळख पण राहणार नाही."

मी तिचा हात धरून बसले. मग तिने विचारायला सुरुवात केली. दूध कमी होईल का? नाही. वजन वाढेल का? एखादीचं वाढतं, एखादीचं नाही. पाळीचं काय? कधी येईल, कधी गायब होईल, वैताग येऊ शकतो, खोटं कशाला सांगू? त्रास झाला तर? ये, काढून टाकू. सगळं विचारून झालं आणि मग ती डोळे मिटून म्हणाली, "ताई, मला असं काहीतरी द्या की तीन वर्षं या विषयावर मला कुणी काही विचारायला नको."

घ्या! सात वर्षं मी विचारतेय, आणि यापेक्षा सरळ उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पाच मिनिटं म्हटलं होतं, पन्नास लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिच्या दंडात काडी बसवली. शाल्मलीने स्वतः हाक मारली, "आई, या ना आत." काकू आल्या, हात मागे बांधून वाकून बघितलं. दोन मिनिटांत झालं. वर चिकटपट्टी. काकू म्हणाल्या, "एवढंच?" डॉक्टर म्हणाल्या, एवढंच. आणि काकू वीरच्या दुपट्याची घडी करायला लागल्या. एकच दुपटं. चार वेळा घडी केली, चार वेळा मोडली.

गेली शाल्मली घरी. मला वाटलं, संपलं.

संपतंय कसलं! तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, माझी सुट्टी, कित्येक दिवसांनी आलेली सुट्टी, फोन. "मंजिरी, रेखाकाकू बोलतीय. घरी ये की. पोहे केलेत." मी म्हटलं, काय माया आहे बघा बाईची, बाळंतीण घरात असून आपली आठवण ठेवली. आमचे चंद्रशेखर म्हणाले, मीपण येतो. काकू म्हणाल्या, "त्यांना नको आणूस." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दार उघडलं. हॉलमध्ये सोफ्यावर चार बायका, ओळीने. सुश्रुतच्या ऑफिसातल्यांच्या बायका, एक नागपूरची, दोन मुंबईच्या, आणि एक तर तमिळ, तिला मराठी येत नाही, इंग्लिशमध्ये सांगा म्हणाली. प्रत्येकीच्या मांडीवर बाळ. शाल्मली आरामखुर्चीत, चेहऱ्यावर रंग आलेला, मला बघून हसतेय. "ताई, यांना माझं सगळं सांगा. माझी परवानगी आहे. कुणालाही सांगा." आणि नवरे कुठे? खिडकीतून दिसले. पाच जण, रिकाम्या प्रॅम घेऊन, समोरच्या पार्कात, पावसात फेऱ्या मारत होते! काकूंनी हाकलले होते! एक बिचारा दारापर्यंत आला, त्याचा चार्जर आत राहिला होता, तर काकू दारात उभ्या. "बायका बोलतायत. तासाभरानं ये."

मी म्हटलं, "काकू, अहो मी सुट्टीवर आहे!"

"मग बरंच की. घाई न्हाई तुला."

 बसले. चप्पल काढून, मांडी घालून बसले. एकेकीला आतल्या खोलीत नेऊन विचारलं, एकटीशी, दार लावून, आणि दारात काकू. एकीला गोळी हवी होती, एकीला नुसतं रडायचं होतं, ती रडली. नागपूरची म्हणाली, मला तिसरं हवंय पण नवऱ्याला सांगू नका. तमिळ बाईने फेल्युअर रेट विचारला. बाहेर आले तेव्हा तीन वाजले होते.

आणि पोह्यांची कढई रिकामी. धुऊन पालथी घातलेली! काकू म्हणाल्या, "अगं, बाळंतिणी सगळ्या, भूक लागती त्यांना." बरोबर आहे. दूध पाजणाऱ्या बाईपुढली बशी ओढायची कशी, तुम्हीच सांगा? मी घरी आले, पावसात भिजून, आणि टोस्ट खाल्ला. कोरडाच. बटर चंद्रशेखरनी संपवलं होतं.